ताइफच्या डोंगरावरची भरती

कॅप्टननी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. सौदीत हे जरा नवलच. इथं दोन भारतीय माणसं भेटली की गाव कुठलं, कफील म्हणजे कामावर आणणारा मालक कोण, इकाम्यावर म्हणजे रहिवासाच्या कार्डावर काय लिहिलंय, फॅमिली आणली का, एवढं पाच मिनिटांत विचारून होतं आणि मग चहा येतो. कॅप्टननी माझ्या बुटांकडं बघितलं आणि विचारलं, "पाय कुठला?"

मी नुकताच ताइफच्या एका कॉलेजच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागलो होतो. दुपारनंतर कॉलेजच्या फुटबॉल टीमचे गुडघे-घोटे सांभाळायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं होतं. मला वाटलं, दुखरा पाय विचारतायत. म्हटलं, "माझे दोन्ही बरे आहेत."

"बरे हायत ते दिसतंय. बॉल कुठल्या पायानं मारतोस?"

"उजव्या."

"मग बस बाजूला. उजवे माझ्याकडं ढीगभर हायत."

आता मी कोल्हापूरचा. आमच्याकडं पेठेपेठेत फुटबॉल. सामन्याच्या दिवशी दुकानं अर्ध्या शटरवर येतात आणि हरलेल्या पेठेतला माणूस दोन दिवस दाढी करायला बाहेर पडत नाही. आणि हा कोकणातला माणूस, डोक्यावर वायरींचा धुरळा, खिशात टेस्टर, मला बाजूला बस म्हणतोय. मी मनात म्हटलं, बघूया याचं. पुढं किती वर्षं बघत राहिलो त्याचा हिशेब नाही.

'कॅप्टन' हे काही त्यांचं लष्करातलं पद नव्हे. अरब पोरं फुटबॉलच्या कोचला कॅप्टनच म्हणतात, त्यामुळं आम्हीही म्हणायला लागलो. माणूस रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावातला. उर्दू शाळेत सातवी, मग वायरमनचं काम, मग सौदी. इकाम्यावर धंदा 'इलेक्ट्रिशियन', आणि कॉलेजात काम खरोखर तेच: ट्यूबा, पंखे, एसी, मैदानाचे दिवे. असाच एकदा दिव्याच्या खांबावर चढलेला असताना खाली टीमचा सराव चाललेला त्यांना बघवेना. वरूनच अरबीत ओरडले, "अरे तो मोकळा आहे, त्याला दे." पोरानं दिला आणि गोल झाला. तेव्हाचे मिसरी, म्हणजे इजिप्तचे, कोच दिलदार होते. त्यांनी या माणसाला खांबावरून उतरवून मदतनीस करून घेतलं. पुढं ते कोच अर्ध्या हंगामात घरच्या अडचणीनं मायदेशी गेले, कॉलेजला लगेच दुसरा माणूस मिळेना, आणि कॅप्टन तात्पुरते हेड कोच झाले. या 'तात्पुरत्या' माणसानं ओळीनं दोन हंगाम कॉलेजला विभागात पहिलं आणलं. सकाळी ट्यूबा बदलायच्या, दुपार कलल्यावर असरच्या नमाजानंतर टीम घ्यायची, सूर्य बुडून मगरिबची अजान झाली की सोडायची.

त्यांचा फुटबॉल समुद्राचा होता. गावात मैदान नाही, म्हणून ही पोरं ओहोटीच्या ओल्या वाळूत खेळायची. सामना किती वेळ चालणार हे समुद्र ठरवायचा. पाणी वर यायला लागलं की कुणीतरी ओरडायचं, "भरती, भरती", आणि मग जो काही गोल करायचा तो पाणी गोलापर्यंत पोचायच्या आत. ही सवय कॅप्टन ताइफला घेऊन आले. हे शहर डोंगरावर, समुद्र पार खाली जेद्दाला. पण शेवटची दहा मिनिटं उरली की हा माणूस रेषेवर धावत सुटायचा, "भरती आली, भरती," आणि सौदी पोरं एकमेकांना ओरडायची, "भरती या शबाब, भरती," म्हणजे भरती रे पोरांनो. भरती म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. त्यांना एवढंच कळायचं की आता मागं खेळायचं नाही.

मैदानाच्या कुंपणावर डोंगरातली माकडं येऊन बसायची. कॅप्टन त्यांना रीतसर सलाम करायचे आणि आम्हाला म्हणायचे, "प्रेक्षक आले. आज तरी सरळ पास द्या." खेळाडू निवडायची त्यांची एकच रीत होती. पोरगं कुणाचं, बाप काय करतो, कुठल्या घराण्यातलं, यातलं काही त्यांच्या कानाच्या आत जायचं नाही. एका बड्या डॉक्टरचा मुलगा त्यांनी सबंध हंगाम बाकावर बसवला. डॉक्टर स्वतः भेटायला आले. कॅप्टननी त्यांना खजूर दिला, कहवा दिला, आणि म्हणाले, "तुमचा मुलगा फार चांगला हाय. त्याचा पाय अजून चांगला झाला नाय." डॉक्टर हसले. मुलगा बाकावरच राहिला.

एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून हवी होती, आणि ती त्यांनी मला एकदाच सांगितली. त्यांना इकाम्यावर 'मुदर्रिब' लिहून हवं होतं. मुदर्रिब म्हणजे प्रशिक्षक. "वीस वर्षं पोलिसानं कार्ड मागितलं की इलेक्ट्रिशियन वाचतो," ते म्हणाले. "खोटं नाय ते. पण पुरतं खरं पण नाय." दुसऱ्या हंगामानंतर कॉलेजनं धंदा बदलायचा अर्ज खरोखरच पुढं पाठवला. आम्ही सगळे वाट बघायला लागलो. कॅप्टन वरून शांत असायचे, पण रोज दुपारी ऑफिसच्या खिडकीवरून एक चक्कर मारून यायचे, बहाणा पंखा बघायचा.

आणि तिथंच मी माती खाल्ली.

कॉलेजांच्या स्पर्धेत नियम होता की एका वेळी मैदानात तीनच परदेशी खेळाडू असावेत. सामन्याआधी यादी द्यायची. कॅप्टनना इंग्रजी सहीपुरतं यायचं, म्हणून यादी मी भरायचो. नाव, ओळखपत्राचा नंबर, आणि पुढं सौदी की परदेशी. इथं राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की इकाम्याचा नंबर दोननं सुरू होतो आणि सौदी माणसाचा एकनं. यासिर नावाचा एक पोरगा त्या वर्षी नवा होता. जन्म ताइफचा, बोली ताइफची, अंगात सौदी पद्धतीचा पांढरा पायघोळ थोब, आणि डावा पाय असा की कॅप्टन त्याच्याकडं बघून बोलता बोलता थांबत. त्याचा नंबर मी स्वतःच्या हातानं उतरवला. दोननं सुरू होणारा. आणि शेजारी लिहिलं, सौदी. बाप यमनचा, मुलगा इथंच जन्मला तरी कागदावर परदेशीच, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्याच काय, कुणाच्याच आलं नाही. तो आमच्यापेक्षा कितीतरी इथला होता.

उपांत्य सामना. एक-एक बरोबरी, शेवटची दहा मिनिटं. आमचे तीन परदेशी आधीच आत. कॅप्टननी यासिरला उतरवला आणि ओरडले, "भरती." पोरानं तिसऱ्याच बॉलला डाव्या पायानं गोलाचा असा कोपरा काढला की गोलकीपर जागेवरून हललाही नाही. आम्ही नाचलो. दुसऱ्या दिवशी समोरच्या कॉलेजचा मॅनेजर यादीची प्रत घेऊन आला. त्यानं एका आकड्याखाली पेनानं रेघ मारली होती. खलास. सामना त्यांना दिला गेला, आम्ही बाहेर.

त्या वेळी वैशालीला, माझ्या बायकोला, आठवा महिना होता. मोठ्या खटपटीनं तिचा फॅमिली व्हिसा झाला होता, आणि माझी नोकरी अजून कच्ची होती. एक तक्रार गेली असती तर आम्ही दोघं, म्हणजे अडीच जण, विमानात बसलो असतो. मी कॅप्टनकडं गेलो आणि म्हटलं, "चूक माझी आहे. मी मुदीरना सांगतो." मुदीर म्हणजे आमच्या क्रीडा विभागाचे प्रमुख.

"काय सांगतोस?"

"की यादी मी भरली."

"मेल्या, हेड कोच कोण हाय?"

"तुम्ही."

"मग यादी माझी. अक्षर कुणाचं का असेना. मी त्या पोराचा इकामा कधी बघितला नाय, मी त्याचा पाय बघितला. आता तोंड उघडायचं नाय, घरी जा, बायकोला बघ."

आणि मी घरी गेलो. ही गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी या वाक्यापाशी मला लाज वाटते. मी घरी गेलो आणि गप्प बसलो.

कॅप्टनचं हेड कोचपद गेलं. इकाम्याचा अर्ज परत आला. मुलगी झाली तेव्हा ते हॉस्पिटलात आले, त्याच निळ्या कामाच्या कपड्यांत. वैशाली त्यांना चाचा म्हणायची. म्हणाली, "चाचा, तोंड बघा की तिचं." त्यांनी दुपट्यातून तिचा पाय बाहेर काढला. पोरगी लाथा झाडत होती. बराच वेळ बघून म्हणाले, "डावी हाय." मग माझ्याकडं वळून (मला फिजिओला ते डॉक्टरच म्हणायचे) म्हणाले, "हिचा नंबर पण दोननं सुरू होणार, डॉक्टर. मैदानात उतरवशील तेव्हा मोजून उतरव." वैशाली हसली. मला हसता आलं नाही.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या नजरेसमोरून जात नाहीत. नवे कोच आले, मोठी प्रमाणपत्रं असलेले, वाईट मुळीच नव्हते, पण टीम हरत गेली. कॅप्टन त्याच मैदानाचे दिवे लावायचे आणि विझवायचे. पोरं त्यांच्याकडं चोरून सल्ला विचारायला जायची, तर म्हणायचे, "मी लाइटवाला. तुमच्या कोचला विचारा." त्यांनी नव्या कोचबद्दल एक वावगा शब्द काढला नाही. मी एकदा काढला, तर मलाच झापलं, "त्याचं पण पोट हाय ना रे. तुझं तू गुडघे बघ."

एका सामन्यात आम्ही एक गोलनं मागं होतो. शेवटची मिनिटं. आणि मैदानातून अचानक आवाज उठला, "भरती, भरती." पोरांनी आपणहून सुरू केलं होतं. नव्या कोचनी मला विचारलं, हे काय म्हणतायत? मी दिव्यांच्या पेटीकडं बघितलं. कॅप्टन आमच्याकडं पाठ करून पेटी उघडून बसले होते. पेटीत काहीही बिघडलेलं नव्हतं.

मग दूर वाळवंटातल्या बुरैदाहून बोलावणं आलं. तिथल्या एका कॉलेजला हेड कोच हवा होता, त्यांच्या एका खेळाडूनं कधीतरी आमच्याविरुद्ध हार खाल्ली होती आणि ती त्याच्या लक्षात होती. ते इकाम्यावर मुदर्रिब लिहायला तयार होते. फक्त आधीच्या कॉलेजकडून त्यांना पत्र हवं होतं, की या माणसाला पदावरून का काढलं. आणि आमच्या फाइलीत एकच ओळ होती: नियमभंगामुळे पदावरून दूर. असं पत्र गेलं असतं तर बुरैदा तिथंच संपलं असतं. कॅप्टन मला म्हणाले, "नाय झालं तर नाय. लाइट तर कुणी काढून घेत नाय." पण त्या आठवड्यात त्यांनी ऑफिसातला पंखा तीनदा बघितला.

संध्याकाळी मी हे वैशालीला सांगितलं. ती मुलीला भरवत होती. घास तसाच हातात धरून म्हणाली, "तुमच्या जागी त्यांनी दोन वर्षं ट्यूबा बदलल्या. आता ही पळायला लागली. अजून कशाची वाट बघताय?"

"नोकरी गेली तर?"

"तर कोल्हापूर काय बुडालंय का? जावा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी मी मुदीरांच्या खोलीत उभा राहिलो. त्यांनी बसायला सांगितलं, कहवा ओतला. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. माझं झालं तेव्हा ते म्हणाले, "मला माहीत आहे. यादी इंग्रजीत होती. कॅप्टनचं इंग्रजी सहीच्या पुढं जात नाही, हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे."

मी विचारलं, "मग त्यांना का काढलं?"

"ते माझ्याकडं येऊन म्हणाले, हेड कोच मी आहे, यादी माझी आहे. त्यात चूक काय होतं? आणि म्हणाले, त्या मुलाला काही विचारू नका, त्याच्या घरी बाळ येणार आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "मी तुला विचारणार नव्हतो. तू आपणहून येशील असं मला वाटलं होतं. तू फार वेळ लावलास."

एवढं मला आजवर कुणी बोललेलं नाही, आणि ते बोलले तेही आवाज न चढवता. त्यांनी पत्र लिहिलं. चूक कार्यालयीन होती, प्रशिक्षकानं ती स्वतःवर घेतली, असं त्यात स्वच्छ लिहिलं. मला लेखी समज मिळाली आणि एक हंगाम टीमच्या कामातून बाजूला केलं. नोकरी राहिली.

कॅप्टनना कळलं तेव्हा ते माझ्यावर चांगली दहा मिनिटं तापले. मी लहान पोरासारखं ऐकून घेतलं. दम लागल्यावर थांबले आणि विचारलं, "वैशालीला विचारलंस?"

"तिनंच पाठवलं."

"मग ठीक हाय," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

बुरैदात पहिल्या हंगामात ते सगळे सामने हरले. मला फोनवर म्हणाले, "इथं चहूबाजूंनी वाळू हाय, डॉक्टर, पण ओली नाय. पोरांना घाई म्हणजे काय तेच कळत नाय." दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात पेनल्टीवर गेले. तिसऱ्या वर्षी जिंकले. दर हंगामाला तिथल्या बाजारातून सुक्करी खजुराचं खोकं आमच्याकडं यायचं, वर नाव माझं नाही, मुलीचं. मग साठी झाली, कॉलेजनं तरुण माणूस आणला, आणि कॅप्टन कायमचे गावी जायला निघाले. जेद्दा विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. जाताना इकामा जमा करावा लागतो. त्यांनी आधीच त्याची रंगीत झेरॉक्स काढून लॅमिनेट करून घेतली होती. मला दाखवली. मुदर्रिब. आता ती त्यांच्या घराच्या ओटीवर भिंतीला आहे, आणि वायरमन शोधत आलेल्या माणसालाही आधी ती वाचावी लागते.

मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. विमानतळावर मानायला गेलो, तर म्हणाले, "गुडघे बघ पोरांचे. उन्हाळ्यात फार जातात." झालं. म्हणून ते इथं मानतो. या माणसामुळं माझं घर इथं उभं राहिलं, माझी मुलगी या डोंगरावर मोठी झाली, आणि स्वतःची चूक स्वतःची म्हणायची असते हे मला उशिरा का होईना कळलं. आजही यादी मीच भरतो. प्रत्येक नंबराचा पहिला आकडा बोटानं दाबून बघतो. पण नवा पोरगा आला की पहिला प्रश्न मात्र त्यांचाच विचारतो.

मुलगी आता शाळेच्या मुलींच्या टीममध्ये आहे. डावीच निघाली. घरी आम्ही मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते, फार लाडात आली तर हिंदीत. वैशाली याच्यावरून रोज कुरकुरते. परवा त्यांचा सामना होता, शून्य-शून्य, आणि मी कडेला उभा राहून कॅप्टनना फोनवर सांगत होतो. टीममध्ये केरळच्या, पाकिस्तानच्या, दोन मिसरी मुली. शेवटची मिनिटं आली आणि आमची मुलगी मधोमध वळून ओरडली, "भरती आली, भरती." मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. कुठून उचललं कोण जाणे. माझ्याबरोबर मैदानावर यायची, तिथल्या पोरांकडूनच असेल. तिनं ओहोटी अजून एकदाही बघितलेली नाही. आणि बाकीच्या दहा जणी तेच ओरडत पुढं पळायला लागल्या.

मी फोन मैदानाकडं धरला. नंतर कानाला लावला. पलीकडून फक्त लांबचा समुद्राचा आवाज येत होता.

"कॅप्टन, ऐकलं?"

"किती मिनिटं राहिली?" त्यांनी विचारलं.

"आठ-नऊ असतील."

"मग माझ्याशी काय बोलत बसलायस? फोन ठेव. बघ तिच्याकडं."